सुंता झाल्यावर रक्त आणि सूज : किती चालतं, दवाखाना कधी गाठायचा?

अबोल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, पण मराठीत यावर मोकळेपणाने लिहिलेलं काही हाती लागलं नाही, म्हणून धागा काढतो. वय ३४. फायमोसिसमुळे पुढची कातडी मागे सरकणं बंद झालं होतं, वरचेवर जंतुसंसर्ग व्हायचा, चिरा पडायच्या. शेवटी सर्जननी सुंता सांगितली आणि ती परवा झाली. भूल फक्त जागेवर दिली होती, ऑपरेशनच्या वेळी काहीच त्रास झाला नाही.

काल ड्रेसिंग काढलं आणि बघून धस्स झालं. शिश्नमुंड आणि टाके यांच्या मधे जी कातडी उरली आहे ती गोलाकार सुजली आहे, आणि खालच्या बाजूला तर पाणी भरलेल्या फुग्यासारखी लोंबते आहे. वृषणाच्या पिशवीवर काळंनिळं उतरलंय, जिथे सुरीचा संबंधही आला नव्हता. आणि काल-आज सकाळी उठलो तेव्हा गॉझवर ताज्या रक्ताचे ठिपके होते.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर 'जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी, औषधे वेळेवर घ्यावीत' एवढंच आहे. पुढची तपासणी पुढच्या आठवड्यात. हे सगळं चालण्यासारखं आहे, की आजच जाऊ? कृपया विषयाची चेष्टा नको.

पिंपळपान

अबोल, आधी श्वास घ्या. मी यातून गेलो आहे आणि तुम्ही लिहिलंय ते वाचून माझाच तिसरा दिवस आठवला. सूज दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, त्यामुळे अजून एखादा दिवस वाढल्यासारखी वाटली तरी हबकू नका. बघायला भयंकर दिसते, पण दुखतं मात्र दिसतं त्यापेक्षा कितीतरी कमी. तुमचंही तसंच आहे ना?

एक विचारतो. चड्डी कुठली घालता? सैल बॉक्सर असेल तर आजच बदला. अंगाला बसणारी, पुढून आधार देणारी चड्डी घ्या आणि लिंग वरच्या दिशेला, पोटाला टेकवून ठेवा. लोंबतं राहिलं की सगळं पाणी खाली उतरतं आणि नेमकं तिथेच साचतं. मला या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या गोळीने पडला नाही.

शस्त्रवैद्य

मी सर्जन आहे, ही ऑपरेशनं नेहमी करतो. इथे तपासता येत नाही, त्यामुळे आधी चार प्रश्न, त्यांची उत्तरं द्या. सूज दाबली तर मऊ लागते की टणक, ताणलेली? तिचा रंग आसपासच्या कातडीसारखा आहे की गडद जांभळा? तासा-तासाला मोठी होते आहे का? लघवी नीट होते का, आणि मुंडाचा रंग कसा आहे?

तोवर ही सूज येते कशी ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. शिश्नाची कातडी खालच्या भागाला घट्ट चिकटलेली नसते. मधे एक सैलसर थर असतो, त्यामुळेच ती सहज मागेपुढे सरकते. या सैल थरात पाणी साठायला भरपूर जागा. सुंतेत कातडी गोल कापली जाते तेव्हा तिच्यातल्या बारीक लसिकावाहिन्याही गोल कापल्या जातात. या वाहिन्या पेशींमधलं जादा पाणी मागे, जांघेच्या दिशेला वाहून नेतात. टाक्यांच्या पुढच्या भागाची ही वाट काही दिवस बंद होते, नव्या वाहिन्या जुळेपर्यंत पाणी तिथेच अडतं. उभं असताना सगळ्यात सखल जागा म्हणजे फ्रेन्युलमच्या (मुंडाला खालून जोडणाऱ्या कातडीच्या पट्टीच्या) आसपासची, मुंडाच्या खालची. म्हणून फुगवटा नेहमी तिथेच दिसतो.

वृषणावरचं काळंनिळं हे पाझरलेलं रक्त आहे, ते कातडीखालून गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं. मऊ असेल, पसरट असेल तर काही करायचं नाही. जांभळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं होत दीड-दोन आठवड्यांत जाईल.

अबोल

डॉक्टर, खूप आभार. सूज मऊ आहे, बोटाने दाबली तर खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. रंग कातडीसारखाच, थोडी लालसर. कालच्याइतकीच आहे. लघवी होते, धार थोडी फाकते. मुंड गुलाबी-लाल. चड्डी सैल होती, पिंपळपान यांचा प्रतिसाद वाचून बदलली.

शस्त्रवैद्य

मग ही साधी सूज आहे. दाबल्यावर खळगा पडणं हे पाण्याचं लक्षण. कातडीखाली रक्त साचून गाठ होते, ज्याला आम्ही हिमॅटोमा म्हणतो, ती वेगळी. ती टणक असते, चकाकते, गडद जांभळी दिसते, एका बाजूला जास्त असते, काही तासांत डोळ्यांदेखत वाढते आणि ठणकते. ती घरी शेकून किंवा दाबून जात नाही. वाढती गाठ असेल तर टाके उघडून रक्त काढावं लागतं आणि वाहणारी शीर बांधावी लागते. बाहेर एक थेंबही न येता आत रक्तस्राव चालू असू शकतो, हे लक्षात असू द्या. 'रक्त येत नाहीये ना, मग ठीक आहे' असं म्हणून रुग्ण घरी थांबतात आणि तिथेच घोटाळा होतो.

सकाळच्या ठिपक्यांचं कारण बहुधा झोपेतली ताठरता. त्याबद्दल सवडीने लिहितो.

उंबरठा

धागा वाचत होते, आत्ताच घाईत लिहितेय. आमच्या ह्यांचं आज दुपारी झालं. आता रात्री पट्टी पूर्ण लाल झाली आहे आणि खालून थेंब थेंब गळतंय. दवाखान्याचा फोन लागत नाही. काय करू?

चांदणवेल

ताई, मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. सांगते तसं करा.

त्यांना पाठीवर झोपवा. हात धुवा. स्वच्छ गॉझची जाडसर घडी घ्या, गॉझ नसेल तर इस्त्री केलेला सुती रुमाल. रक्त जिथून येतंय तिथे, बहुधा खालच्या बाजूला मुंडाच्या लगत असेल, ती घडी ठेवा. अंगठा खालून आणि दोन बोटं वरून असा चिमटा करून घट्ट दाबा. घड्याळ लावून सलग १० मिनिटं. मधे उचलून बघू नका. बघायला उचललं की तयार होत आलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रक्त वरून झिरपलं तर गॉझ काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा.

रबर, दोरी, चिकटपट्टी यांपैकी काहीही गोल आवळून बांधायचं नाही. दाब बिंदूवर हवा, भोवती नको.

१० मिनिटांनी थांबलं नाही तर पुन्हा तसंच दाबा आणि दाबलेलंच ठेवून निघा. ऑपरेशन केलेला दवाखाना बंद असेल तर जवळच्या कुठल्याही रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात चालतं, टाका कुणीही सर्जन घालू शकतो. चक्कर, घाम, छातीत धडधड असेल किंवा रक्त उडतंय असं दिसलं तर १० मिनिटं सुद्धा थांबू नका, दाबत दाबत आत्ताच निघा. ह्यांना रक्त पातळ करणारी काही गोळी चालू आहे का?

उंबरठा

नाही, कुठलीच गोळी नाही. दाबून धरलंय.

शस्त्रवैद्य

चांदणवेल यांनी सगळं बरोबर सांगितलं आहे. मी फक्त एवढंच म्हणेन की पूर्ण पट्टी भिजून थेंब गळत असेल तर दाबून थांबलं तरी आज रात्रीच दाखवून या. पहिल्या २४ तासांतला असा स्राव बहुतेक वेळा फ्रेन्युलममधल्या छोट्या धमनीचा असतो. ऑपरेशनच्या वेळी ती आकसलेली असते, नंतर रक्तदाब पूर्ववत झाला, माणूस हिंडू-फिरू लागला की उघडते. तिच्यावर एक टाका पडला की विषय संपतो.

सावळ्या

उंबरठाताई, कळवा काय झालं ते. काळजी वाटतेय.

उंबरठा

परत आलो. दाबून बरंच कमी झालं होतं, तरी गेलो. खालच्या बाजूला एका जागेवर रक्त येत होतं, जागेवर भूल देऊन तिथे टाका घातला, नवीन पट्टी केली, अर्धा-पाऊण तास बसवून ठेवलं आणि सोडलं. तिथल्या डॉक्टरांनी पण विचारलं की कधी दात काढल्यावर खूप वेळ रक्त आलं होतं का, घरात कुणाला असा त्रास आहे का. दोघांचेही खरंच उपकार आहेत. हात थरथरत होते, पण घड्याळ समोर ठेवल्याने धरून राहता आलं.

चांदणवेल

बरं वाटलं वाचून. तो दात काढल्याचा प्रश्न फार महत्त्वाचा. सौम्य हिमोफिलिया किंवा व्हॉन विलेब्रांड, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असलेल्या माणसाला मोठं होईपर्यंत कधी कळतच नाही, पहिल्या ऑपरेशनलाच लक्षात येतं. ऑपरेशनआधी हे सांगितलं तर रक्ताची तपासणी करून बघता येतं.

सावळ्या

माझं पुढच्या आठवड्यात आहे, म्हणून दोन शंका. बर्फ लावायचा की नाही? आणि दुखायला लागलं तर आयबुप्रोफेन चालेल का? घरात तीच आहे.

पिंपळपान

मी बर्फ लावला होता, पहिल्या दोन दिवसांत. गुण आला.

चांदणवेल

बर्फाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. मुंड आधीच बधिर किंवा हुळहुळलेलं, कातडीत जाणीव धड नाही, अशात थेट बर्फ ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते आणि माणसाला कळतही नाही. शिवाय वितळलेलं पाणी पट्टीत मुरतं, ओली पट्टी ही जंतूंची सोय. लावायचाच असेल तर कोरड्या कापडात गुंडाळून, चड्डीवरून, १० ते १५ मिनिटं, मग तासभर तरी विश्रांती. पहिल्या ४८ तासांनंतर त्याचा फारसा उपयोगही नाही. मी रुग्णांना सांगते की बर्फ विसरलात तरी चालेल, वर टेकवून ठेवायला विसरू नका.

शस्त्रवैद्य

बर्फाच्या बाबतीत मीही त्याच बाजूला आहे. सक्ती नाही, मनाईही नाही.

गोळीचं म्हणाल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत पॅरासिटामॉलवर भर द्या. प्रौढ माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा त्रास असेल, वजन कमी असेल किंवा दारू नियमित असेल तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला कमी डोसच घ्या. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या प्लेटलेटना, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या बारीक कणांना, एकमेकांना चिकटायला अडथळा करतात. गोळीचा असर उतरला की प्लेटलेट पुन्हा कामाला लागतात, त्यामुळे तुमच्या सर्जननी लिहून दिल्या असतील तर बिनघोर घ्या. ॲस्पिरिनचं तसं नाही. ती प्लेटलेटला कायमची निकामी करते, आणि प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं. म्हणून डोकं दुखलं म्हणून घेतलेल्या एका ॲस्पिरिनचा परिणामही काही दिवस राहतो. दुखण्यासाठी म्हणून ती अजिबात नको.

रानवाट

मी ६१ वर्षांचा. मधुमेह आहे, हृदयात स्टेंट आहे, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. कातडीला सारख्या चिरा पडतात म्हणून सुंता ठरली आहे. वरचं वाचून वाटलं की आठवडाभर आधी गोळ्या बंद कराव्यात.

शस्त्रवैद्य

काका, कृपा करून असं स्वतःहून करू नका. स्टेंटच्या गोळ्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ते जिवावर बेतणारं असतं. सुंतेतलं रक्त दाबून, टाका घालून, डायथर्मीने (विजेच्या उष्णतेने शीर बंद करून) थांबवता येतं. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं की काय चालू ठेवायचं, काय थांबवायचं आणि किती दिवस. पुष्कळदा ॲस्पिरिन चालू ठेवूनच ऑपरेशन होतं. स्टेंट नुकताच बसवला असेल तर ऑपरेशनच पुढे ढकलतात. वॉरफरिन, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हेच लागू. गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, नावं पाठ करत बसू नका.

मधुमेहाबद्दल आणखी एक. साखरेच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि त्यामुळे कातडीखाली बुरशीचा संसर्ग वारंवार होतो, चिरा पडतात. काही रुग्णांत गोळी बदलल्यावर त्रास इतका कमी होतो की ऑपरेशनचा पुनर्विचार करता येतो. ऑपरेशन करायचंच ठरलं तर या गोळ्या काही दिवस आधी थांबवायच्या का हेही विचारा. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) खूप वर असेल तर जखम भरायला वेळ लागतो, टाके उसवतात. आधी साखर आटोक्यात आणा, हे ऑपरेशन घाईचं क्वचितच असतं. धूम्रपान असेल तर तेही थांबवा.

रानवाट

पाकीट बघितलं. डापाग्लिफ्लोझिन आहे. हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच डॉक्टरांकडे जातो. आभार, डॉक्टर.

अबोल

डॉक्टर, झोपेतल्या ताठरतेबद्दल लिहिणार होतात. काल रात्री त्यानेच उठलो, टाके तटातट तुटतील असं वाटलं.

पिंपळपान

यावर मी लिहितो, डॉक्टर नंतर भर घालतील, कारण हा प्रकार सोसल्याशिवाय कळत नाही.

निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते, स्वप्नांच्या झोपेत, आणि त्याचा मनातल्या कुठल्याही विचाराशी संबंध नसतो. तेव्हा आधी मनातला अपराधीपणा काढा. ती थांबवण्याचा हमखास उपाय नाही. कमी मात्र करता येते. झोपण्याआधी दोन तास पाणी कमी, आणि लघवी करूनच अंथरुणावर, कारण भरलेलं मूत्राशय पहाटेची ताठरता वाढवतं. कुशीवर, गुडघे पोटाकडे घेऊन झोपलं तर मला बरं पडायचं. जाग आली की पडून सोसत बसू नका. उठा, खोलीत चार फेऱ्या मारा, लघवीला जाऊन या. पायांकडे रक्त वळलं की मिनिटभरात उतरतं. मी रात्रीसाठी गॉझवर व्हॅसलिनचा जाड थर लावून ठेवायचो. त्याचं कारण असं की सकाळचं रक्त टाके तुटल्याने येत नव्हतंच, जखमेला चिकटलेलं कोरडं गॉझ ताठरतेत ओढलं जाऊन खपली निघत होती. व्हॅसलिन सुरू केल्यावर ठिपके बंद झाले.

शस्त्रवैद्य

उत्तम लिहिलंय. टाक्यांची भीती कमी करतो. सर्जन टाके घालताना ताठरतेचा हिशोब धरूनच कातडी ठेवतात. ताण जाणवतो, पण सगळे टाके एकदम उसवणं विरळा. एखादा सुटलाच आणि काही मिलिमीटरची फट पडली, तर ती आतून भरून येते, फक्त वेळ जास्त लागतो. फट बोटाच्या पेराएवढी झाली, कडा एकमेकींपासून स्पष्ट दूर गेल्या किंवा आतून रक्त थांबेना, तर त्याच दिवशी दाखवा. लवकर आलात तर पुन्हा टाका घालता येतो. बाजारातला गोंद, पट्टी, कसलीही पूड घरी लावून ती फट बुजवू नका. आत अडकलेला जंतू मग बाहेर यायला वाट राहत नाही.

गॉझ चिकटलं असेल तर कोमट पाण्याने किंवा सलाइनने भिजवून पाच-दहा मिनिटं थांबा, आपोआप सुटेल. कोरडं ओढणं हे घरी होणाऱ्या रक्तस्रावाचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण आहे. खपल्याही घासून काढू नका, खपली हीच तुमची पट्टी.

आणि रक्ताचं माप. गॉझवर नाण्याएवढा डाग, लघवीनंतर एखादा थेंब, अंघोळीच्या पाण्यात गुलाबी छटा, हे पहिल्या आठवड्यात चालतं. थोडंसं रक्त पाण्यात मिसळलं तरी ते खूप वाटतं, त्यावर जाऊ नका. गॉझ बदलल्यावर लगेच पुन्हा भिजतंय, थेंब पडायचा थांबत नाही, गुठळ्या पडताहेत, तर थांबू नका.

अबोल

आणखी एक. टाक्यांच्या रेषेवर आणि मुंडावर पिवळसर चिकट थर आलाय. पू आहे का?

चांदणवेल

बहुधा नाही. भरणाऱ्या ओल्या जखमेवर असा पिवळट पातळ पापुद्रा येतो, तो फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा. आतापर्यंत झाकलेलं मुंड प्रथमच उघड्यावर येतं, तिथेही तो दिसतो. वास नसतो, खाली गुलाबी असतं. खरवडू नका, पाण्याखाली धरून टिपून घ्या.

पू असेल तर तो घट्ट, हिरवट-पिवळा, दुर्गंधीचा असतो आणि एकटा येत नाही. लाली टाक्यांच्या पलीकडे पसरत जाते, जागा गरम लागते, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी दुखणं वाढतं, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर जातो. यातलं काही दिसलं तर थेट दवाखान्यात.

आणि पट्टी बांधणाऱ्या सगळ्यांसाठी, मुंडाचं टोक नेहमी उघडं दिसलं पाहिजे. आवळणारी पट्टी सूज कमी करायला बांधतात, पण तीच फार घट्ट झाली तर पुढचं रक्त मागे येत नाही आणि सूज दुप्पट होते. टोक निळंकाळं पडलं, गार लागलं, बधिर झालं तर वाट न बघता पट्टी सोडवा आणि तसेच रुग्णालयात जा. सहा-आठ तास लघवी झाली नाही आणि पोट तुंबलंय असं वाटलं तरी तेच.

दुपारची माळरान

नमस्कार. माझ्या भावाचं स्टेपलरने, म्हणजे टाक्यांऐवजी बारीक पिना मारणाऱ्या उपकरणाने, झालं. बाराव्या दिवशी पिना निघायला लागल्या आणि एका जागी रक्त आलं. इतक्या उशिरा?

चांदणवेल

येऊ शकतं. सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान टाके विरघळतात, पिना सैल होतात, आणि एखादी खपली वेळेआधी निघते. थोडं रक्त आणि दाबल्यावर थांबलं तर ठीक. पण या मुदतीतला भरपूर रक्तस्राव आम्ही गंभीर धरतो, कारण त्यामागे पुष्कळदा जंतुसंसर्गाने शिरेची भिंत कुजलेली असते. बरं वाटायला लागल्यावर माणूस याच सुमाराला जड उचलतो, सायकल काढतो, संबंध ठेवतो, तेही एक कारण. पिना नखाने उपटू नका. महिनाभरात बहुतेक पडतात, रुतून राहिलेल्या डॉक्टर चिमट्याने काढतात.

संबंध आणि हस्तमैथुन दोन्ही साधारण सहा आठवडे बंद, जखम पूर्ण भरली आहे असं डॉक्टरांनी बघून सांगेपर्यंत. वरून कातडी जुळलेली दिसते, आत अजून कच्ची असते.

सावळ्या

बद्धकोष्ठाचं कुणी लिहिलं नाही. मला वाटतं जोर केला तर तिथेही दाब येत असणार?

शस्त्रवैद्य

येतो. कुंथल्यावर पोटातला दाब वाढतो, खालच्या शिरांमध्ये रक्त तुंबतं. पाणी प्या, चोथा असलेलं खा, ट्रॅमाडॉलसारखी बद्धकोष्ठ करणारी वेदनाशामक गोळी दिली असेल तर सोबत सौम्य रेचक विचारा.

अबोल

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. तपासणी झाली, जखम कोरडी आहे, टाके बहुतेक विरघळले. फुगवटा पुष्कळ उतरला. पण टाक्यांच्या रेषेला सगळीकडून एक टणक कड लागते, आणि संध्याकाळपर्यंत उभं राहिलो की खालची बाजू पुन्हा थोडी भरते. रात्री झोपलं की जाते. कपड्याला मुंड लागलं की अजून झिणझिण्या येतात. हे कायमचं तर नाही ना?

शस्त्रवैद्य

नाही. ती कड म्हणजे भरत आलेल्या जखमेतलं कोलॅजन, जखम सांधणारं तंतुमय प्रथिन. मऊ व्हायला दोन-तीन महिने लागतात, काहींना त्याहूनही जास्त. संध्याकाळची सूज ही लसिकावाहिन्या अजून पुरत्या जुळल्या नाहीत याची खूण. जुळल्या की थांबते. तोवर घट्ट चड्डी आणि वर टेकवून ठेवणं सोडू नका, खास करून दिवसभर उभं राहायचं काम असेल तर. मुंडाची हुळहुळ काही आठवड्यांत कमी होते, तोवर व्हॅसलिन लावत राहा.

जखम पूर्ण भरल्यावर, तुमच्या सर्जननी हो म्हटलं तर, त्या कडेवर साध्या मलमाने बोटाच्या टोकाने हलकं चोळा. ते सांगतील तेव्हाच, त्याआधी नको.

एक मात्र विचारायचं आहे. कापलेली कातडी तपासणीला पाठवली होती का? तुमच्या वयात कातडी नव्याने घट्ट झाली असेल, पांढुरकी पडली असेल, चिरा पडत असतील तर लायकेन स्क्लेरोसस नावाचा विकार असू शकतो. सुंतेने तो बहुतेकांचा आटोक्यात येतो, पण काहींना लघवीच्या छिद्रापाशी तो शिल्लक राहतो आणि छिद्र अरुंद होत जातं. सुरुवातीला धार फाकणं सुजेमुळे होतं, ते एव्हाना थांबायला हवं. धार बारीक होत चालली असेल किंवा जोर लावावा लागत असेल तर सूज उतरेल म्हणून वाट बघत बसू नका.

अबोल

धार आता सरळ आहे. कातडी पांढुरकी मात्र होती, आणि नमुना पाठवला होता हे आठवतंय. रिपोर्ट मी आणलाच नाही, उद्या सकाळी जाऊन घेतो आणि सर्जनना दाखवतो.